मोगलीची गोष्ट शाळेत बसवायची आहे: कोणता मोगली घ्यावा?

रामटेक_शिक्षक

सर्वांना नमस्कार.

मी रामटेक तालुक्यात, पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या बफर क्षेत्रातील एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी या सत्रात एक मोठी गोष्ट रोज थोडी थोडी वाचून दाखवायची आणि तिच्यावरूनच स्नेहसंमेलनासाठी तासाभराचे नाटक बसवायचे, असे आम्ही शिक्षकांनी ठरवले आहे. मुलांना विचारले, तेव्हा जवळजवळ सर्वांनी मोगलीचेच नाव घेतले. त्यात नवल नाही, कारण ज्या सिवनीच्या डोंगरांत ही गोष्ट घडते ते आमच्या उत्तरेला लागूनच आहेत आणि पर्यटकांसाठी लावलेल्या फलकांवर मोगलीचे नाव मुले येता-जाता वाचतात.

अडचण पुढेच सुरू झाली. प्रत्येकाला गोष्ट आपापल्या शब्दांत सांगायला लावली, तर प्रत्येकाची गोष्ट वेगळी निघाली. एकाच्या मते अजगर मोगलीचा शत्रू आहे, तर दुसऱ्याच्या मते तोच त्याला वाचवतो. कुणाचा शेरखान वाघ आगीत पडून मरतो, कुणाचा शेपटीला आग लागल्यावर पळून जातो. एका मुलीने तर बालू अस्वल विमान चालवते असे ठामपणे सांगितले आणि तिच्या वडिलांनीही लहानपणी ते पाहिले होते. मूळ पुस्तक मात्र एकाही मुलाने किंवा पालकाने वाचलेले नव्हते.

म्हणून जाणकारांना विचारतो. एका पुस्तकापासून इतक्या वेगवेगळ्या गोष्टी कशा तयार झाल्या आणि नाटकासाठी त्यांतली कोणती धरावी? ज्यांची मालकी मोठ्या कंपन्यांकडे आहे त्या पात्रांचे नाटक शाळेने केले, तर कायद्याची काही आडकाठी येते का? आणि तिसरी शंका मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आमच्या मुलांसाठी वाघ हा पडद्यावरचा प्राणी नाही. गावातील जनावरे वाघाने मारल्याचे त्यांनी पाहिले आहे आणि संध्याकाळी शेतातून परतताना मोठी माणसेही आवाज करीत येतात. अशा मुलांसमोर वाघाला खलनायक करणे योग्य ठरेल का?

वैनगंगाकाठ

सर, मी भंडारा जिल्ह्यातील एका सार्वजनिक वाचनालयाचे काम पाहतो आणि हे पुस्तक माझ्या विशेष आवडीचे आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आपल्या मुलांपैकी कुणीही काही मनाने रचलेले नाही. प्रत्येकाने एकेका अवतारातील खरीच गोष्ट सांगितली आहे.

रुडयार्ड किपलिंग यांचा जन्म १८६५ मध्ये मुंबईत झाला, पण मोगलीच्या गोष्टी त्यांनी अमेरिकेतील व्हर्मांट राज्यात राहत असताना लिहिल्या. त्या आधी मासिकांतून आल्या आणि पुढे १८९४ व १८९५ मध्ये ‘द जंगल बुक’ आणि ‘द सेकंड जंगल बुक’ या दोन पुस्तकांत एकत्र झाल्या. सिवनीच्या जंगलाचे तपशील त्यांनी मुख्यतः इतरांच्या लेखनातून घेतले. रॉबर्ट स्टर्नडेल या अधिकाऱ्याचे सिवनी आणि सातपुड्यावरील पुस्तक १८७७ मध्येच प्रसिद्ध झाले होते. या दोन पुस्तकांत मोगलीच्या गोष्टी फक्त आठ आहेत, बाकीच्या मुंगूस, सील, हत्ती अशा प्राण्यांच्या आहेत. ही रचना लक्षात घेतली की पुढचा सगळा विस्तार समजतो. कादंबरीप्रमाणे एकात एक गुंतलेले कथानक येथे नाही. सुट्या गोष्टी आहेत, ठसठशीत स्वभावाचे प्राणी आहेत आणि मध्ये एक मुलगा आहे. त्यामुळे ज्याला जे हवे ते उचलून नेता आले.

पहिल्यांदा उचलले ते चित्रपटवाल्यांनी नव्हे, तर स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी. लहान मुलांसाठी त्यांनी १९१६ मध्ये स्काऊटची जी शाखा उघडली, तिची सगळी रचना किपलिंग यांच्या संमतीने लांडग्यांच्या कळपावर बेतली आणि गोष्टीतील म्हाताऱ्या लांडग्याचे अकेला हे नाव त्या कळपाच्या प्रमुखाचा किताब झाले. आपल्या जिल्हा परिषद शाळांतील कब पथके त्याच परंपरेतील आहेत. म्हणजे चित्रपट येण्याच्या कितीतरी आधी ही गोष्ट मुलांच्या खेळात आणि कवायतीत उतरली होती.

त्यानंतर १९४२ मध्ये रंगीत चित्रपट आला. त्यातला मोगली म्हणजे म्हैसूरच्या माहुताचा मुलगा साबू. मात्र जगाच्या डोळ्यांसमोर आज जो मोगली उभा राहतो तो डिस्ने कंपनीच्या १९६७ च्या चित्रपटातला आहे. वॉल्ट डिस्ने यांनी स्वतः लक्ष घालून घडवलेला तो अखेरचा अ‍ॅनिमेशनपट होता आणि तो प्रदर्शित होण्यापूर्वीच, डिसेंबर १९६६ मध्ये, त्यांचे निधन झाले. बिल पीट यांनी लिहिलेली पहिली पटकथा पुस्तकासारखीच गंभीर होती. डिस्ने यांना ती फार काळोखी वाटली, मतभेद झाले, पीट कंपनी सोडून गेले आणि गोष्ट हसती-गाती झाली. पुस्तकातला बालू हा जंगलाचा कायदा घोकून घेणारा, प्रसंगी फटके देणारा कडक शिक्षक आहे. चित्रपटात तो निश्चिंत, नाचणारा सवंगडी झाला. पुस्तकातला ‘का’ नावाचा अजगर म्हातारा, शहाणा आणि वानरांच्या तावडीतून मोगलीला सोडवणारा आहे. चित्रपटात तो मोगलीला गिळायला टपलेला शत्रू झाला. वानरांना तर एक ओरांगउटान राजा मिळाला. हा प्राणी भारतात नाहीच, आणि पुस्तकातील वानरांचे वैगुण्य नेमके हे आहे की त्यांना राजा नाही, कायदा नाही आणि कालचे काही आठवतही नाही.

त्याच १९६७ पासून सोव्हिएत रशियातही मोगलीची अ‍ॅनिमेशनपटांची मालिका निघू लागली. ती पुस्तकाच्या बरीच जवळ आहे, फक्त तिच्यात बगीरा हा काळा बिबट्या मादी आहे. विमान चालवणारा बालू हा डिस्नेच्याच १९९० च्या टेलस्पिन या मालिकेतला. ती आपल्याकडे दूरदर्शनवर दिसत असे. पालकांच्या आठवणीतला मोगली मात्र बहुधा जपानी आहे. जपानमध्ये १९८९ मध्ये सुरू झालेली ५२ भागांची मालिका पुढे हिंदीत आणली गेली, गुलजार आणि विशाल भारद्वाज यांनी तिला शीर्षकगीत दिले आणि शेरखानला नाना पाटेकर यांचा आवाज मिळाला. डिस्नेने २०१६ मध्ये हीच गोष्ट संगणकाच्या साहाय्याने पुन्हा केली. मोगली सोडला तर त्यातील जवळजवळ सर्व काही, झाडे आणि प्राणीसुद्धा, संगणकावर तयार केलेले होते. तो चित्रपट भारतात अमेरिकेच्या एक आठवडा आधी लागला आणि त्याने जगभरात सुमारे ९६ कोटी डॉलर मिळवले. आगीत पडून मरणारा शेरखान त्यातला, शेपटीला जळती फांदी बांधली गेल्यावर पळणारा १९६७ मधला.

आता पुस्तकातला शेरखान कसा मरतो ते सांगतो, कारण माझे मत त्यावरच आधारलेले आहे. लांडग्यांनी बाहेर काढल्यावर मोगली गावात येतो. मेसुआ नावाची एक बाई, जिचे मूल वाघाने नेले आहे, त्याला आपल्या घरात घेते. गावाचा मुख्य माणूस त्याला म्हशी राखायला पाठवतो. मोगली रामा नावाच्या हेल्याच्या (रेड्याच्या) पाठीवर बसून कळप रानात नेतो. गुराखी मुले तिथे वाळल्या गवताच्या टोपल्या विणून त्यांत नाकतोडे ठेवतात, लाल-काळ्या बियांच्या माळा ओवतात, मातीचे किल्ले करतात. माळाच्या मध्यावर फुललेला पळस ही मोगलीने लांडग्या भावाला भेटण्यासाठी ठरवलेली खूण असते. संध्याकाळी मोठ्या झाडाखालच्या पारावर गावातली मोठी माणसे, कोतवाल आणि न्हावी जमतात आणि बुलदेव शिकारी वाघाच्या थापा मारतो. अखेर शेरखान डुकराची शिकार खाऊन, पाणी पिऊन वैनगंगेच्या एका कोरड्या घळीत सुस्त पडलेला असताना मोगली आणि अकेला हा म्हातारा लांडगा कळपाचे दोन भाग करतात. घळीच्या एका तोंडाशी म्हशी आणि वासरे उभी करून दुसऱ्या तोंडाकडून हेले सोडतात. वाघ त्यांच्या खुरांखाली मरतो.

यातले काय आपल्या मुलांना समजावून सांगावे लागेल? गुरे जमवायचा आखर, पार, पळस, वैनगंगा, हेला, सगळे त्यांच्या ओळखीचे आहे. आणि नेमका हाच भाग डिस्नेच्या दोन्ही चित्रपटांतून गेला आहे. १९६७ मध्ये गाव दिसते ते शेवटी, पाणी भरायला आलेल्या मुलीपुरते, आणि २०१६ मध्ये मोगली गावात येतो तो आग न्यायला. गुराखी मोगली पडद्यावर हरवला. जगाच्या बाजारात नाचणारे अस्वल जेवढे खपते तेवढा म्हशींचा कळप खपत नाही, हे मी समजू शकतो; परंतु सिवनीच्या डोंगरांना लागून असलेल्या शाळेने तरी हा भाग सोडू नये, असे मला मनापासून वाटते. नाटक याच एका गोष्टीचे करावे.

ब्रह्मपुरीकर_ताई

वैनगंगाकाठ यांनी फार चांगले लिहिले आहे आणि गुराखी मोगलीबद्दल त्यांच्याशी मी सहमत आहे. सरांच्या तिसऱ्या शंकेचे उत्तर मात्र राहिले, म्हणून लिहिते. मी ब्रह्मपुरीच्या बाजूला, वाघांच्या जंगलालगतच्या शाळेत अनेक वर्षे शिकवले आहे. आमच्या वर्गात अशी मुले होती की ज्यांच्या घरातले माणूस तेंदूपत्त्याला किंवा मोहफुले वेचायला गेले आणि वाघाच्या हल्ल्यात दगावले. अशा मुलासमोर चार मुलांनी वाघाचा मुखवटा लावून डरकाळ्या फोडणे हे साधे काम नाही. सर, नाटकाची निवड जाहीर करण्याआधी प्रत्येक मुलाच्या घरची माहिती काढा आणि ज्या घरात असे घडले असेल तिथे जाऊन आधी बोला, ही माझी पहिली विनंती आहे.

पुस्तकाबद्दल सांगायचे तर या बाबतीत ते चित्रपटांपेक्षा अधिक समंजस आहे. शेरखान जन्मतः एका पायाने लंगडा आहे. त्याला रानातील चपळ शिकार साधत नाही, म्हणून तो गावाची जनावरे मारतो. वैनगंगेकडचे गावकरी चिडले, म्हणून तो हद्द सोडून दुसरीकडे आला आहे. जखमी, म्हातारा किंवा हद्दीबाहेर ढकललेला वाघ जनावरांकडे वळतो, हे आमच्याकडे वनरक्षकही सांगतात आणि गुराखीही. शिवाय जंगलाचा कायदा माणसाला मारायला बंदी करतो आणि त्याचे खरे कारणही पुस्तकात दिले आहे: माणूस मेला की आज ना उद्या हत्तींवर बसलेले बंदूकवाले येतात, हाकारे घालणारे शेकडो लोक येतात आणि मग जंगलातील सगळ्यांनाच त्रास होतो. शेरखानचा गुन्हा वाघ असणे हा नाही. तो कायदा मोडून सगळ्या रानावर संकट आणतो, हा त्याचा गुन्हा आहे. नाटकात ही दोन वाक्ये एखाद्या लांडग्याच्या तोंडी आली, तर वाघ खलनायक न होता शेरखान हा एकटाच दोषी राहतो. दुसरा एखादा वाघ कायदा पाळणारा दाखवावा, असेही मला सुचवावेसे वाटते. पुस्तकात तसा नाही, पण शाळेच्या नाटकाला तेवढी मोकळीक असावी.

आणखी एक गोष्ट. शेरखान मेल्यावर बुलदेव त्याच्या कातड्यावर हक्क सांगतो, कारण त्यावर सरकारी बक्षीस आहे. मोगली ते देत नाही, तेव्हा बुलदेव त्याला चेटक्या ठरवतो आणि गाव दगड मारून त्याला हाकलते. पुढच्या एका गोष्टीत तर मेसुआ आणि तिचा नवरा यांनाही चेटकाच्या आरोपावरून बांधून ठेवतात. काही जण म्हणतील की हा भाग लहान मुलांसाठी गाळावा. माझे मत उलट आहे. जादूटोण्याच्या संशयावरून माणसाला मारहाण होण्याचे प्रकार आपल्या भागात आजही अधूनमधून घडतात आणि महाराष्ट्रात २०१३ पासून त्याविरुद्ध कायदा आहे. मुलांना यावर बोलायला लावणारी इतकी सोपी जागा दुसरी मिळणार नाही. त्यानंतर मोगली हत्तींकरवी ते गाव उद्ध्वस्त करतो आणि मेसुआला इंग्रजांच्या आश्रयाला जावे लागते, ती गोष्ट मात्र मी वर्गात घेणार नाही. भारतीय गाव अडाणी आणि न्याय फक्त साहेबाकडे, ही किपलिंग यांच्या काळाची समजूत तिथे फार उघडी पडते आणि ती उलगडून सांगायला मुले थोडी मोठी हवीत.

वकील_आर्वी

कायद्यापुरते लिहितो. किपलिंग १९३६ मध्ये वारले. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो; आजच्या या नियमाने मोजले तरी १९९६ अखेर मुदत संपते. म्हणून मूळ पुस्तकातील पात्रे, प्रसंग आणि वाक्ये घेऊन आपण नाटक लिहिले, त्याला तिकीट लावले किंवा ते छापले, तरी कुणाची परवानगी लागत नाही. एवढ्या कंपन्यांनी एवढे चित्रपट आणि मालिका काढल्या, त्यामागेही हे एक मोठे कारण आहे. गोष्ट सर्वांची झाली आहे.

प्रत्येक कंपनीने त्यात स्वतःहून जी भर घातली, ती मात्र त्या कंपनीची असते. वानरांचा ओरांगउटान राजा, १९६७ च्या चित्रपटातील गाणी, पात्रांचे विशिष्ट रेखाटन, दूरदर्शनवरील मालिकेचे शीर्षकगीत, हे सर्व अजून संरक्षित आहे. शाळेच्या भिंतीवर चित्रे काढायची असतील तर चित्रपटातील मोगलीची नक्कल न करता मुलांनी स्वतः कल्पिलेला मोगली काढावा. मराठी अनुवादाबाबतही काळजी घ्यावी, कारण अनुवादकाचा हक्क स्वतंत्र असतो. एखाद्या अलीकडच्या अनुवादातील संवाद जसेच्या तसे उचलू नयेत.

याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये शाळांना एक सवलत आहे. शिक्षक आणि विद्यार्थ्यांनी शाळेच्या उपक्रमात केलेला प्रयोग, प्रेक्षक शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि शाळेशी संबंधित लोक एवढेच असतील, तर हक्कभंग मानला जात नाही. त्यामुळे मुलांनी पालकांसमोर ते शीर्षकगीत म्हटले तरी हरकत नाही. त्याचे चित्रीकरण यूट्यूबवर टाकणे या सवलतीत बसत नाही, आणि आजकाल प्रत्येक स्नेहसंमेलन तिथे जाते. मूळ पुस्तकावरून स्वतः लिहिलेले नाटक आणि स्वतःच चाल लावलेले गाणे असेल, तर हा प्रश्नच उरत नाही.

रामटेक_शिक्षक

आपण सर्वांनी एवढा वेळ दिला, त्याबद्दल मनापासून आभार. ताईंच्या सूचनेप्रमाणे आधी घरभेटी करू आणि मगच निवड जाहीर करू. वाचनासाठी लांडग्यांनी मोगलीला सांभाळण्याची, वानरांची आणि शेरखानच्या अंताची, अशा तीन गोष्टी घेण्याचे ठरत आहे. नाटक गुराखी मोगलीचे करू आणि पारावरच्या प्रसंगात गावातील दोन-तीन ज्येष्ठांनाच बसवावे, असे मुख्याध्यापकांनी सुचवले आहे. संहिता आम्हीच लिहू.

आता एकच गोष्ट सुटत नाही. म्हशींचा कळप घळीतून धावतो तो प्रसंग शाळेच्या लहानशा व्यासपीठावर कसा दाखवायचा? पडद्यावर चित्रफीत लावावी, असे एक सहकारी म्हणतात.

झाडीपट्टी_रंगकर्मी

सर, चित्रफीत लावू नका. पडदा उजळला की प्रेक्षक मुलांकडे बघणे सोडून देतील. मी गडचिरोली जिल्ह्यातील वडसा परिसरातील नाटकांच्या संचांत काम केले आहे. दिवाळीनंतर मंडईच्या (गावजत्रांच्या) दिवसांत गावोगावी रात्रभर आमची नाटके चालतात आणि गुरे, पूर, आग हे सगळे आम्ही आवाजाने आणि माणसांनीच उभे करतो.

घळ म्हणून व्यासपीठाचा उपयोगच करू नका. प्रेक्षकांच्या मधून जाणारी वाट हीच घळ समजा आणि शेरखानला व्यासपीठापाशी, त्या वाटेच्या तोंडावर झोपवा. कळपाच्या मुलांना मुखवटे देऊ नका, धावताना दिसत नाही आणि मुले पडतात. कपाळावर पुठ्ठ्याची शिंगे बांधा, अंगावर काळे घोंगडे द्या आणि गळ्यात खऱ्या घंटा बांधा; गुरांच्या घंटा गावात प्रत्येक घरी मिळतील. निम्मी मुले व्यासपीठावर आडवी उभी करा, ती म्हशी. निम्मी प्रेक्षकांच्या मागे अंधारात थांबवा, ते हेले. आधी मागून फक्त एक घंटा वाजू द्या, मग दोन, मग ढोलकीवर हळू ठेका सुरू करा आणि शेरखानने मान वर करून दोन्हीकडे पाहीपर्यंत कुणालाही पळू देऊ नका. तो क्षण लांबवता आला पाहिजे, कारण सुटकेची वाट नाही हे त्याच्या चेहऱ्यावर प्रेक्षकांना तेव्हाच दिसते. त्यानंतर सगळ्या घंटा आणि ढोलकी एकदम, हेले मधल्या वाटेने धावत येतील आणि शेरखानभोवती दोन्हीकडची मुले गोल करून बसतील. ती उठतील तेव्हा तिथे फक्त पिवळे-काळे वस्त्र पडलेले असावे. शेरखान झालेला मुलगा गर्दीतूनच घोंगड्याखाली निघून गेलेला असेल.

एवढ्या प्रसंगासाठी मुलांना किमान आठवडाभर रोज धावण्याचा सराव द्या, आणि तो शेवटच्या दिवसांत रात्री, दिवे कमी करूनच घ्या. मधली वाट सहा फुटांपेक्षा अरुंद ठेवू नका आणि कडेला लहान मुलांना बसवू नका.

रामटेक_शिक्षक

हे जमेल. घोंगडी आणि घंटा गोळा करण्याचे काम सातवीच्या मुलांकडे देतो. आमच्या मैदानावर आठ फुटांची वाट सहज निघेल. संहितेचा पहिला खर्डा तयार झाला की इथेच ठेवतो. वैनगंगाकाठ यांनी पुस्तकातील प्रसंगांशी तो ताडून पाहावा आणि ताईंनी वाघाच्या संवादांवर नजर टाकावी, ही विनंती.

वैनगंगाकाठ

जरूर पाठवा. तोवर एक लक्षात असू द्या: रामा हेल्याला संवाद नाहीत, पण मोगली त्याच्याशी सतत बोलत असतो. तेवढ्या एका भूमिकेसाठी घरी गुरे राखणारा मुलगा निवडा. हेल्याने मान कशी हलवावी आणि पाय कसा टाकावा, हे त्याला शिकवावे लागणार नाही.